किती सुधारावे आणि किती सोसावे

एखादे यंत्र स्थिर आहे की अस्थिर, हे ठरवण्याची यंत्रशास्त्रातील कसोटी साधी आहे: समतोलापासून किंचित ढळवल्यावर ते आपण होऊन मूळ जागी येते, की क्षणाक्षणाला अधिक दूर जाते, एवढेच पाहायचे. टांगलेला लोलक पहिल्या प्रकारात मोडतो. वातावरणातून वर चढणारा मोठा अग्निबाण बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण त्याच्यावर पडणाऱ्या हवेच्या दाबाचे एकत्रित बल गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला लागते आणि नाक वाऱ्याच्या रेषेतून जरा वळले की तेच बल त्याला आणखी वळवू लागते. बाणाला मागे मोठे पंख लावून हा दोष घालवता येतो. पण पंखांचे वजन आणि त्यांच्यामुळे वाढणारा हवेचा रोध यांचा भुर्दंड अवकाशात न्यायच्या ओझ्यावर पडतो, म्हणून अभियंते पुष्कळदा अस्थिरता पत्करतात आणि इंजिनाचा झोत अंशाअंशाने इकडेतिकडे वळवत बाण सरळ ठेवतात. हा झोत केव्हा, किती आणि कोणत्या बाजूस वळवायचा हे ठरवणारा नियम शोधणे हे नियंत्रणशास्त्राचे काम आहे, आणि यंत्राला सावरणाऱ्या असंख्य नियमांपैकी सर्वांत चांगला कोणता हे शोधणे हे त्या शास्त्राच्या ‘इष्टतम नियंत्रण’ या शाखेचे काम आहे.

तळहातावर उभी धरलेली काठी हे अस्थिर यंत्राचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. काठी कलते, डोळा ते पाहतो, मेंदू निर्णय घेतो, हात त्या दिशेला सरकतो आणि सरकण्याचा परिणाम पुन्हा डोळ्याला दिसतो. मोजणे, ठरवणे, हालचाल करणे आणि परिणाम पुन्हा मोजणे या अखंड साखळीला प्रत्याभरण, म्हणजेच फीडबॅक, म्हणतात. या खेळाला घड्याळाचे बंधन असते. टोकाशी वजन असलेली एक मीटर लांबीची काठी कलू लागली की तिचे कलणे सुमारे ०.२२ सेकंदात दुप्पट होते, आणि दिसलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायला माणसालाही साधारण ०.२ सेकंद लागतात; म्हणजे मीटरभर काठी माणसाच्या आवाक्याच्या जेमतेम आत बसते. लांबी पाव मीटर केली की हा अवधी निम्म्यावर येतो, आणि पेन्सिल तळहातावर का उभी राहत नाही याचे उत्तर त्या आकड्यात सापडते. काठी किती कलली आहे एवढेच पाहून भागत नाही, ती किती वेगाने कलत आहे हेही कळावे लागते, कारण उभी होत चाललेल्या काठीला आणखी धक्का दिला तर ती पलीकडे पडते. कोणत्याही क्षणी यंत्राचे पुढचे वर्तन सांगण्यास पुरेशा अशा या सर्व राशींच्या संचाला नियंत्रणशास्त्रात ‘अवस्था’ असे म्हणतात.

प्रमाणाबाहेर सुधारणा केल्याने यंत्र बिघडते, हे तंत्रज्ञांना वाफेच्या इंजिनांनी शिकवले. जेम्स वॉटने १७८८ मध्ये इंजिनाची गती राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. गती वाढली की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे, गती घटली की उलट घडे. पुढे इंजिने सुधारली, घर्षण कमी झाले, आणि गंमत अशी की त्यामुळेच अनेक गव्हर्नर बिघडले: गती एकदा वर, एकदा खाली अशी हेलकावू लागली आणि हेलकावे मिटेनात. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांवरील निबंधात या हेलकाव्यांचे कारण समीकरणांच्या भाषेत मांडले. राउथ, व्हिश्नेग्राद्स्की, हुर्विट्झ यांनी त्या समीकरणांवरून स्थिरतेचा निवाडा करण्याच्या कसोट्या दिल्या, आणि रशियात ल्यापुनोव्हने १८९२ च्या आपल्या प्रबंधात स्थिरतेची इतकी व्यापक मीमांसा केली की आजचे नियंत्रणशास्त्रही त्याच पायावर उभे आहे.

मात्र या कसोट्या ‘स्थिर’ किंवा ‘अस्थिर’ एवढाच निर्णय देत. काठी सावरायला हात हळूही सरकवता येतो आणि झटक्यानेही. दोन्ही रीतींनी काठी उभी राहत असेल तर त्यांत डावे-उजवे कसे करायचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी अभियंत्याच्या अनुभवावर सोडलेला होता. क्षेपणास्त्रे आणि उपग्रह यांच्या काळात तो तसा सोडणे परवडेना, कारण तेथे प्रत्येक सुधारणेला इंधन लागते आणि इंधन मोजून दिलेले असते. सोव्हिएत रशियात लेव पाँट्रियागिन आणि त्यांचे सहकारी, तर अमेरिकेत रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात या प्रश्नाला दोन निरनिराळ्या बाजूंनी हात घातला. अभियंत्यांना रोजच्या वापरात आणता येईल असे उत्तर मात्र रुडॉल्फ काल्मन या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अमेरिकी गणितज्ञाने १९६० मध्ये दिले.

काल्मनची मांडणी अशी. यंत्र समतोलापासून किती ढळले आहे याचा वर्ग घ्यायचा आणि त्याला एका भाराने गुणायचे. हा चुकीचा दंड. नियंत्रकाने किती जोर लावला याचाही वर्ग घ्यायचा आणि त्याला दुसऱ्या भाराने गुणायचे. हा प्रयत्नाचा दंड. दोन्ही दंडांची क्षणोक्षणीची बेरीज पुढच्या सगळ्या काळासाठी करायची, आणि ही एकूण बेरीज ज्या नियमाने सर्वांत लहान होईल तो नियम इष्टतम मानायचा. वर्ग घेण्यामागे व्यवहारही आहे आणि सोयही आहे: बारीकसारीक चुका जवळपास माफ होतात, मोठ्या चुकांना जबर दंड बसतो, आणि गणित सुटते. ते किती सुरेख सुटते हे नवख्या वाचकालाही कळण्याजोगे आहे. वाटेल तितका गुंतागुंतीचा नियम वापरण्याची मुभा असताना सर्वोत्तम ठरणारा नियम निव्वळ गुणाकाराचा निघतो: अवस्थेतील प्रत्येक राशीला एका ठरावीक आकड्याने गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची आणि तेवढा जोर उलट बाजूने लावायचा. हे आकडे एका समीकरणातून मिळतात, आणि त्या समीकरणाला अठराव्या शतकातील इटालियन गणिती जाकोपो रिकाटी याचे नाव आहे. ज्या यंत्राचे वर्तन रेषीय, म्हणजे दुप्पट कारणाला दुप्पट परिणाम अशा प्रमाणात चालणारे असते, त्यालाच हा निकाल तंतोतंत लागू पडतो; परंतु समतोलाच्या आसपास बहुतेक यंत्रे पुरेशी रेषीय वागतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी या पद्धतीला एलक्यूआर या आद्याक्षरांनी ओळखतात.

या गणिताचा एक निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकला जातो, पण तो अधिक लक्ष देण्याच्या योग्यतेचा आहे. समजा, प्रयत्नाचा दंड अतोनात वाढवला, म्हणजे इंधन इतके महाग केले की नियंत्रकाने शक्य तेवढे हात राखूनच काम करावे. यंत्र मुळात स्थिर असेल तर इष्टतम उत्तर ‘काहीही करू नका’ असे येते. यंत्र अस्थिर असेल तर मात्र कितीही काटकसर केली तरी उत्तर शून्यावर येत नाही. ते एका निश्चित मर्यादेवर थांबते, आणि त्या मर्यादेवर यंत्र मूळ वर्तनाच्या आरशातील प्रतिबिंबासारखे वागू लागते. जी चूक दर अर्ध्या सेकंदाला दुप्पट होत होती, ती दर अर्ध्या सेकंदाला निम्मी होऊ लागते. अस्थिर यंत्र सावरण्याची स्वस्तात स्वस्त रीत हीच आहे आणि तिच्याहून मंद चालीने चूक कमी करू पाहणारा नियंत्रक उलट जास्त खर्च करतो, कारण रेंगाळणारी चूक दर क्षणी नवा जोर मागत राहते. अंगावर आलेले काम लांबवल्याने महाग पडते ही गोष्ट येथे सूत्राने सिद्ध होते.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण अवस्थेतील सर्व राशी मोजता येतात हे गृहीत प्रत्यक्षात क्वचितच खरे असते. मोजमापांत गोंगाट मिसळलेला असतो आणि काही राशींना मापकच लागत नाही. काल्मननेच १९६० मध्ये दुसऱ्या एका निबंधात यावर उपाय सुचवला: यंत्राच्या समीकरणांवरून अवस्था पुढे कशी असेल याचे भाकीत करायचे, मोजमाप आले की भाकिताशी ताडून पाहायचे, आणि दोहोंपैकी कोणावर किती भरवसा ठेवायचा हे त्यांच्या अनिश्चिततेच्या प्रमाणात ठरवून अंदाज दुरुस्त करायचा. हाच काल्मन फिल्टर. नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅन्ली श्मिट यांनी त्याचे मोल ओळखले आणि तो चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या मार्गनिश्चितीसाठी घडवून घेतला; आज मोबाइलमधील नकाशापासून विमानांपर्यंत त्याचे वंशज सर्वत्र आहेत.

फिल्टरचा अंदाज आणि एलक्यूआरचा गुणाकार एकत्र जोडला की परिपूर्ण नियंत्रक तयार झाला, असे १९६० च्या दशकात अनेकांना वाटले, आणि तसे वाटण्यास आधारही होता. सर्व राशी अचूक मोजता येत असतील तर एलक्यूआर नियंत्रक विलक्षण दणकट असतो: त्याचा जोर अपेक्षेच्या निम्म्यावर आला किंवा कितीही पटींनी वाढला तरी यंत्र अस्थिर होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. परंतु मध्ये फिल्टर आला की ही हमी उरते का, या प्रश्नावर जॉन डॉइल यांनी १९७८ मध्ये एक छोटा निबंध लिहिला, ज्याचा सारांश इंग्रजीत अवघ्या तीन शब्दांचा आहे आणि त्याचा आशय असा की अशी कोणतीही हमी नसते. त्यांनी रचलेल्या उदाहरणात नियंत्रक गणिताप्रमाणे इष्टतम होता, तरी यंत्राच्या वर्णनात केसभर चूक निघताच तो कोसळत होता. शास्त्रीय वाङ्मयात इतक्या कमी शब्दांत इतका भ्रमनिरास क्वचितच कोणी केला असेल. त्यानंतर ज्या शाखेची वाढ झाली तिला दृढ नियंत्रण म्हणतात. तिच्यात यंत्राचे वर्णन चुकीचे असणार हे आधीच धरून वाईटात वाईट शक्यतेसाठी नियम शोधला जातो.

या सिद्धान्ताची कठोर परीक्षा लढाऊ विमानांत होते. शेपटीच्या आधाराने आपोआप स्थिर राहणारे विमान वळायला जड असते आणि समतोल राखण्यासाठी शेपटीला खाली दाबणारे बल लावावे लागते, जे पंखांना उचलावे लागते. गुरुत्वमध्य मागे सरकवून ही स्थिरता कमी केली तर विमान चपळ होते, पण त्याला सावरणे माणसाच्या हातापलीकडे जाते. एफ-१६ या विमानाने १९७४ मध्ये हा मार्ग धरला. पुढे झुकलेल्या पंखांचे अमेरिकी प्रायोगिक विमान एक्स-२९ याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९८४ मध्ये झाले, आणि ते इतके अस्थिर होते की त्याचे संगणक सेकंदाला ४० वेळा नियंत्रक पृष्ठांना, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांना, आज्ञा देत. बंगळूरू येथे ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले भारताचे तेजसही नाक वर-खाली होण्याच्या दिशेने हेतुतः अस्थिर ठेवलेले आहे; त्याच्यात समांतर चालणाऱ्या चार वाहिन्यांची अंकीय नियंत्रणप्रणाली आहे, जेणेकरून एखादी वाहिनी बिघडली तरी उरलेल्या तिला बाजूला सारून काम चालू ठेवतील. या प्रणालीचे नियम भारतीय शास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय गटाने घडवले, आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकी सहकार्य थांबल्यावर उरलेले काम देशातच पुरे करावे लागले. याच विमानाच्या मार्क-१ए आवृत्तीची जोडणी आता नाशिकजवळ ओझर येथेही होते. अशा विमानांतील नियम केवळ रिकाटीच्या समीकरणातून निघतात असे मात्र समजू नये. व्यवहारात जुन्या पद्धती, इष्टतम नियंत्रण आणि हजारो तासांची आभासी उड्डाणे यांचा मेळ घालूनच ते ठरतात.

अस्थिर यंत्राबाबत एक मर्यादा अशी आहे की ती कोणत्याही हुशार नियमाने ओलांडता येत नाही. नियंत्रक पृष्ठ ठरावीक कोनापलीकडे वळत नाही आणि ठरावीक वेगापेक्षा जलद वळत नाही. ढळलेल्या यंत्राला दूर नेणारे बल नियंत्रकाच्या कमाल जोरापेक्षा मोठे झाले की त्या क्षणापासून सिद्धान्त काहीही सांगो, यंत्र परत येत नाही. स्वीडनच्या ग्रिपेन विमानाचे दोन अपघात याचे दाखले आहेत. पहिला फेब्रुवारी १९८९ मध्ये लिन्शोपिंग येथे उतरताना, दुसरा ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोममधील एका उत्सवात प्रात्यक्षिक दाखवताना झाला. दोन्ही वेळी वैमानिकाच्या आणि संगणकाच्या आज्ञा मिळून पृष्ठांच्या वळण्याच्या वेगाहून जलद झाल्या, पृष्ठे मागे पडू लागली, आणि उशिरा पोहोचलेली सुधारणा हीच पुढच्या हेलकाव्याला बळ देऊ लागली. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. गुंटर स्टाइन या नियंत्रणशास्त्रज्ञाने १९८९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात अस्थिर यंत्रांचा धाक बाळगण्याचा इशारा दिला होता. त्यांचा रोख गणितातच रमणाऱ्या आपल्या सहव्यावसायिकांकडे होता, आणि तो रास्त होता.

या मर्यादा आधीच हिशेबात घेणारी पद्धत म्हणजे प्रतिमानाधारित भाकीत नियंत्रण. तिच्यात पुढच्या काही काळाचा इष्टतम कार्यक्रम मर्यादांसह सोडवला जातो, त्यातील पहिलेच पाऊल अमलात आणले जाते, आणि नवे मोजमाप येताच सगळा हिशेब नव्याने मांडला जातो. १९७० च्या दशकात ती तेलशुद्धीकरण कारखान्यांत रुळली, कारण तेथील प्रक्रिया मंद असल्याने तेव्हाच्या संगणकांनाही उसंत मिळे. आज संगणक इतके वेगवान आहेत की डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम जमिनीवर परतलेल्या फाल्कन-९ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यासारख्या यंत्रालाही उतरण्याचा मार्ग उड्डाणातच सोडवता येतो. रिकामा होत आलेला तो टप्पा एका इंजिनाच्या किमान जोरापेक्षाही हलका असल्याने हवेत थबकू शकत नाही. जमिनीला टेकण्याचा क्षण आणि वेग शून्य होण्याचा क्षण एकच असावा लागतो.

चांद्रयान-२ चा विक्रम अवतरक ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर उतरताना कोसळला, ते याच चौकटीत समजून घेता येते. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार त्याच्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला; छायाचित्रे घेण्यासाठी यान स्थिर ठेवणे भाग असल्याने त्या चुका लगेच सुधारल्या न जाता साचत गेल्या; त्या भरून काढण्यासाठी यानाला फार जलद वळावे लागले, पण वळण्याच्या वेगाला आज्ञावलीतच मर्यादा घातलेली होती; आणि उतरण्याची जागा केवळ ५०० मीटर लांब व ५०० मीटर रुंद ठरवलेली असल्याने जमीन जवळ आली तरी यान त्या जागेकडे धाव घेत राहिले. दंडांच्या भाषेत बोलायचे तर जागा चुकण्याचा दंड वाजवीपेक्षा चढा होता आणि चूक साचू देण्याचा दंड फारच उतरता होता. चांद्रयान-३ मध्ये जागा सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली गेली, मधले पाचवे इंजिन काढले गेले, वळण्याच्या वेगाची मर्यादा वाढवली गेली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान सुखरूप उतरले. येथे गणित बदलले नव्हते. कोणती चूक किती महाग मानायची याविषयीचा माणसांचा निर्णय बदलला होता.

प्रयत्नाचा दंड चढा मानून केलेल्या काटकसरीचा ठळक नमुना आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाहायला मिळाला. हे स्थानक वळवण्यासाठी आत फिरणाऱ्या जड चाकांचा उपयोग होतो, पण मोठे वळण घेताना चाकांची क्षमता संपते आणि इंधन जाळावे लागते. इष्टतम नियंत्रणाने असा वाकडा मार्ग शोधून काढला की ज्यावर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील आणि विरळ हवेच्या दाबातील फरकच चाकांना मदत करतात. नोव्हेंबर २००६ मध्ये ९० अंशांचे आणि मार्च २००७ मध्ये १८० अंशांचे वळण अशा रीतीने इंधनाचा थेंबही न जाळता पार पडले. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने सोडलेला ‘स्वयम्’ हा किलोभराचा उपग्रह आहे. त्याची दिशा राखण्याचे काम संगणकाकडे नव्हतेच. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळणारा चुंबक आणि हेलकावे शोषणाऱ्या धातूच्या कांड्या एवढ्यावर भागवलेले होते. संपर्कापुरती ढोबळ दिशा पुरेशी असल्याने अचूकतेचा दंड येथे नगण्य होता, आणि तसे असताना वीज, वजन व आज्ञावली खर्चून प्रत्याभरण बसवणे हा अपव्यय ठरला असता.

रिकाटीचे समीकरण हाताने सोडवणे जिकिरीचे असले तरी आज त्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने देशभर प्रसार केलेली सायलॅब ही मोफत आज्ञावली ते एका आज्ञेत सोडवते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांनी तळहातावरील काठीचे, म्हणजे उलट्या लोलकाचे, समीकरण विद्यार्थ्यांच्या हाती देऊन चुकीचे आणि प्रयत्नाचे भार त्यांना स्वतः बदलून पाहायला लावावेत, आणि निवडलेला प्रत्येक आकडा का निवडला याचे लेखी कारण मागावे. परीक्षेतील गुण समीकरण सोडवल्याबद्दल न देता त्या कारणाला द्यावेत.